फाईल रायपुरात, न्यायालय बिलासपुरात

रायपूरच्या तात्यापाऱ्यातून निघून ब्राह्मणपारा, बूढापारा आणि पुढे लाखेनगर असा फेरफटका मारला, तर या शहराने आपल्या वकिलांची आठवण कशी ठेवली आहे ते कळतं. लाखेनगर हे नाव वामनराव लाखे यांचं. रायपुरातच 1872 साली जन्मलेले लाखे पेशाने वकील. 1900 साली माधवराव सप्रे यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ मासिक काढलं, तेव्हा ते त्यांच्या सोबत होते. 1913 साली त्यांनी रायपुरात सहकारी बँक उभी केली, आणि असहकाराच्या दिवसांत सरकारने दिलेली रायसाहेबीही परत करून टाकली. बूढापाऱ्यातले रविशंकर शुक्ल हेही वकीलच. ते पुढे मध्यप्रांताचे पंतप्रधान आणि मग मध्यप्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री झाले. भोसल्यांच्या राजवटीपासून छत्तीसगढात रुजलेल्या मराठी घरांना आणि त्यांच्या शेजाऱ्यांना अभिमान वाटतो तो अशा वकिलांचा. ते सरकारशी भांडले, तुरुंगात गेले, पदव्या फेकून दिल्या.

सरकारच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या वकिलाच्या नावाने चौक नसतो. अशा डझनावारी वकिलांना हाताशी धरून राज्याचा खटला चालवणाऱ्या त्यांच्या प्रमुखाचं, म्हणजे महाधिवक्त्याचं, नाव तर अशील असलेल्या जनतेलाही ठाऊक नसतं.

एक ठळक अपवाद आहे, आणि तो रायपूरचाच. रायपूरच्या सरकारी हायस्कूलमधून 1922 साली एक विद्यार्थी बाहेर पडला. नागपूरचं मॉरिस कॉलेज, केंब्रिजचं ट्रिनिटी आणि लंडनचं लिंकन्स इन करून 1930 साली तो नागपुरात वकिली करू लागला. नाव मोहम्मद हिदायतुल्ला. डिसेंबर 1942 मध्ये ते नागपूर उच्च न्यायालयात सरकारी वकील झाले आणि 2 ऑगस्ट 1943 रोजी मध्यप्रांत व वऱ्हाडाचे महाधिवक्ता, वयाच्या सदतिसाव्या वर्षी. ‘चले जाव’ला तेव्हा वर्षही झालं नव्हतं, प्रांतात मंत्रिमंडळ नव्हतं, गव्हर्नरचा अंमल होता. 1946 साली न्यायाधीश होईपर्यंत ते त्या पदावर होते. पुढे सरन्यायाधीश, हंगामी राष्ट्रपती, उपराष्ट्रपती. नवा रायपुरातलं राष्ट्रीय विधि विद्यापीठ त्यांच्या नावाने आहे, पण ते सरन्यायाधीश हिदायतुल्लांसाठी. महाधिवक्ता हिदायतुल्लांची ती तीन वर्षं चरित्रातल्या एका ओळीत उरकली जातात. मला हे अन्यायाचं वाटतं, कारण वकिलांच्या फौजेचं नेतृत्व ही न्यायदानापेक्षा वेगळी आणि काही बाबतींत अधिक अवघड कला आहे. न्यायाधीशापुढे कागद येतात. महाधिवक्त्याला ते मागून, हिसकून, कधी विनवण्या करून आणावे लागतात.

राज्यघटनेच्या कलम 165 नुसार प्रत्येक राज्याला एक महाधिवक्ता असतो. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्याची पात्रता असलेल्या व्यक्तीला राज्यपाल नेमतात आणि राज्यपालांची मर्जी असेतोवर ती पदावर राहते. कलम 177 प्रमाणे महाधिवक्ता विधानसभेत बोलू शकतो, मत मात्र देऊ शकत नाही. छत्तीसगढात त्याच्या हाताखाली अतिरिक्त महाधिवक्ता, उपमहाधिवक्ता, शासकीय अधिवक्ता, उपशासकीय अधिवक्ता आणि तळाशी पॅनल लॉयर अशी उतरंड असते. महाराष्ट्रात हीच माणसं सरकारी वकील, अतिरिक्त आणि सहायक सरकारी वकील म्हणून ओळखली जातात, आणि त्यांच्या नेमणुका 1984 च्या विधि अधिकारी नियमांनुसार होतात. सकाळी कोणत्या कोर्टात कोण उभं राहणार, मोठं मॅटर कोणाकडे द्यायचं, कोणाच्या मसुद्यावर डोळे झाकून सही करायची आणि कोणाचा मसुदा तीनदा वाचायचा, हे प्रमुखालाच ठरवावं लागतं.

छत्तीसगढात यात भूगोलाची भर पडली. 1 नोव्हेंबर 2000 रोजी राज्य झालं तेव्हा राजधानी रायपूरला गेली आणि उच्च न्यायालय बिलासपूरला. दोन शहरांत शंभराहून अधिक किलोमीटर अंतर. मंत्रालय म्हणजे महानदी भवन नवा रायपुरात, न्यायालय बिलासपूरजवळ बोदरीला. याचा अर्थ असा की अशील एका गावी आणि वकील दुसऱ्या गावी.

एका साध्या याचिकेचा प्रवास पाहा. एखाद्या शिक्षकाने पदोन्नती डावलल्याबद्दल याचिका केली. तिची प्रत बिलासपुरात महाधिवक्ता कार्यालयात येते, नोंद होते, मग शिक्षण खात्याला कळवलं जातं. खातं त्या प्रकरणापुरता एक प्रभारी अधिकारी नेमतं. हा बहुधा जिल्ह्यातला एखादा कनिष्ठ अधिकारी. त्याला याचिकेतल्या वादाची माहिती असतेच असं नाही. तो कदाचित गेल्या महिन्यात बदलून आलेला असतो. त्याने याचिकेतल्या प्रत्येक परिच्छेदावर खात्याचं म्हणणं लिहायचं, मूळ कागद गोळा करायचे, बिलासपूरला जायचं, पॅनल लॉयरसमोर बसून उत्तराचा मसुदा करून घ्यायचा आणि शपथपत्रावर सही करायची. यातली एक पायरी अडली की कोर्टात सरकारी वकील उठून मुदत मागतो. दुसऱ्यांदा मागतो. तिसऱ्यांदा न्यायमूर्ती ‘शेवटची संधी’ असा शेरा मारतात. बोलणी खातो तो पॅनल लॉयर, आणि रेकॉर्ड पडलेलं असतं रायपुरातल्या एखाद्या कपाटात.

अशा वेळी सचिवाला कोर्टात जातीने बोलावलं जाईल ही भीती अनेक वर्षं सरकारी वकिलांच्या कामी आली. प्रमुखाने फोन करून नुसतं एवढं सुचवलं, की दोन दिवसांत फाईल हजर होत असे. 3 जानेवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अधिकाऱ्यांना ऊठसूट बोलावण्याला कार्यपद्धती घालून दिली: गरज असेल तरच बोलवा, आणि आधी दूरदृश्य प्रणालीचा पर्याय द्या. अधिकाऱ्यांच्या दृष्टीने हे रास्तच झालं. महाधिवक्त्याच्या हातातली एक काठी मात्र गेली.

पहिल्या शपथपत्राचं मोल किती, हे छत्तीसगढच्या आरक्षण प्रकरणाइतकं स्पष्ट क्वचितच कुठे दिसेल. 2012 साली राज्याने कायदा बदलून अनुसूचित जमातींचं आरक्षण 20 वरून 32 टक्के केलं, अनुसूचित जातींचं 16 वरून 12 वर आणलं आणि इतर मागासवर्गीयांचं 14 कायम ठेवलं. बेरीज 58. पन्नासची मर्यादा ओलांडल्यामुळे त्याच वर्षी याचिका झाल्या. निकाल लागला 19 सप्टेंबर 2022 रोजी. उच्च न्यायालयाने वाढ रद्द केली. मधल्या दहा वर्षांत सरकार बदललं होतं, महाधिवक्ते बदलले होते, पॅनलं बदलली होती. निकालानंतर दोन्ही पक्षांत जुंपली ती अर्थातच वकिलांवरून. नव्या राज्यकर्त्यांचा आरोप असा, की आधीच्या सरकारने आरक्षण वाढवण्यामागचे समित्यांचे अहवाल मुळात उत्तरात मांडलेच नव्हते. विरोधकांचं म्हणणं, की तुम्हीच नीट लढला नाहीत. डिसेंबर 2022 मध्ये विधानसभेने 76 टक्क्यांची नवी विधेयकं मंजूर केली, ती राजभवनात अडकली. 1 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाच्या निकालाला स्थगिती दिली, तेव्हा कुठे थांबलेल्या भरतीला वाट मिळाली.

कोण खरं, कोण खोटं हा वाद राजकारण्यांनी घालत बसावा. मला त्यातली दिसणारी गोष्ट वेगळी आहे. सरकारी वकिलांचा प्रमुख जेव्हा अंतिम सुनावणीला उभा राहतो, तेव्हा त्याच्या हाती दहा वर्षांपूर्वी दुसऱ्याच कोणीतरी, दुसऱ्याच राज्यकर्त्यांच्या काळात, घाईत केलेलं उत्तर असतं. खासगी वकील अशिलाला ‘मी हे ब्रीफ घेत नाही’ म्हणू शकतो. याला तशी सोय नाही. त्याने अशील निवडलेला नाही, खटला निवडलेला नाही, आणि बहुतेकदा आपले सहकारीही निवडलेले नाहीत.

सहकाऱ्यांच्या निवडीचा मुद्दा तर उघड गुपित आहे. सत्ता बदलली की पॅनल बदलतं. उत्तर प्रदेशात फेब्रुवारी 1990 मध्ये एका परिपत्रकाने राज्यातल्या सर्व जिल्ह्यांच्या सरकारी वकिलांना एका झटक्यात घरी पाठवलं गेलं. सर्वोच्च न्यायालयाने श्रीलेखा विद्यार्थी प्रकरणात ते परिपत्रक मनमानी ठरवून रद्द केलं. पुढे 30 मार्च 2016 रोजी पंजाब-हरियाणाच्या संदर्भात न्यायालयाने सांगितलं, की विधि अधिकाऱ्यांच्या नेमणुका पारदर्शक पद्धतीने, गुणवत्ता तपासून झाल्या पाहिजेत. सरकारी तिजोरीतून पैसे मिळणारं हे काम म्हणजे खिरापत नव्हे. तरीही प्रत्येक निवडणुकीनंतर न्यायालयाच्या आवारात याद्यांची चर्चा रंगते. प्रमुखाला मिळालेल्या यादीत काही हिरे असतात, काही कोणाचे तरी भाचे. त्यातून दर सोमवारी कोर्टं भरायची.

महाधिवक्त्याची खरी कसोटी मात्र ‘नाही’ म्हणण्यात लागते. निकाल विरोधात गेला की खात्याची पहिली प्रतिक्रिया अपिलाची, कारण अपील केलं नाही तर उद्या कोणी विचारेल की का केलं नाही. केलं आणि हरलो तर कोणी विचारत नाही. 15 ऑक्टोबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयासमोर मध्यप्रदेश सरकारचं एक अपील आलं, 663 दिवस उशिरा. कारण काय, तर कागदपत्रं मिळाली नाहीत. मुदत असते 90 दिवसांची. न्यायालयाने अपील फेटाळलंच, वर 25,000 रुपये दंड केला आणि तो जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करायला सांगितला. अशा अपिलांना न्यायालयाने ‘प्रमाणपत्राची प्रकरणं’ म्हटलं: वरच्या कोर्टाने फेटाळल्याचा शिक्का मिळवायचा, म्हणजे फाईल निर्धास्तपणे बंद करता येते. भेरूलाल नावाच्या कोण्या माणसाविरुद्धचं हे प्रकरण छत्तीसगढच्या मातृराज्यातलं आहे. शिक्का मिळवण्याची ही रीत फाळणीत दोन्हीकडे वाटली गेली असणार.

‘नाही’ म्हणणाऱ्याला पद टिकवावं लागतं, आणि पद मर्जीवर. मुंबई प्रांताचे महाधिवक्ता मोतीलाल सेटलवाड यांनी 1942 साली ते पद सोडलं. पुढे स्वतंत्र भारताचे पहिले महान्यायवादी तेच झाले. एच. एम. सीरवाई 1957 ते 1974 अशी सतरा वर्षं आधी मुंबई राज्याचे आणि मग महाराष्ट्राचे महाधिवक्ता होते. केशवानंद भारती प्रकरणात ते केरळच्या बाजूने, संसदेच्या अमर्याद दुरुस्ती-अधिकाराच्या बाजूने लढले. आणीबाणीनंतर राज्यघटनेवरच्या आपल्याच ग्रंथाच्या पुढच्या आवृत्तीत त्यांनी मूलभूत चौकटीचं तत्त्व मान्य केलं. इतकी वर्षं टिकणं आज अशक्यप्राय. महाराष्ट्राचेच महाधिवक्ता श्रीहरी अणे यांनी विदर्भापाठोपाठ मराठवाड्याच्या वेगळेपणाची भाषा केली आणि मार्च 2016 मध्ये, सहा महिन्यांतच, त्यांना राजीनामा द्यावा लागला. छत्तीसगढात 2019 साली तर अजबच झालं. महाधिवक्ता कनक तिवारी यांनी राजीनामा दिल्याचं सरकारने जाहीर केलं, आपण तो दिलेलाच नाही असं तिवारी सांगत राहिले, आणि सतीशचंद्र वर्मा यांची नेमणूक झालीसुद्धा. प्रमुख कोण यावरच संभ्रम असेल, तर खालच्या पॅनल लॉयरने कोणाकडे पाहायचं?

आता पुन्हा तात्यापाऱ्याकडे येऊ. तात्यापारा चौक ते शारदा चौक हा रस्त्याचा टप्पा रुंद करण्याचा विषय रायपुरात वर्षानुवर्षे गाजतो आहे. दोन्ही बाजूंना जुनी घरं, दुकानं. मध्ये वाहनांची चेंगराचेंगरी. रस्ता रुंद करायचा म्हणजे जागा घ्यायची, आणि जागा घ्यायची म्हणजे मोबदला.

भूसंपादनाच्या कायद्यानेच अलीकडे सरकारी वकिलांची सर्वांत मोठी परीक्षा घेतली आहे. 2013 च्या कायद्यातल्या कलम 24(2) चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2014 मध्ये पुणे महापालिकेच्या प्रकरणात सांगितलं, की मोबदला मालकाला दिला नाही आणि न्यायालयातही जमा केला नाही, तर तो दिला असं धरता येणार नाही. सरकारी तिजोरीत ठेवणं पुरेसं नाही. त्या एका वाक्यावर देशभर जुनी संपादनं कोसळू लागली. 6 मार्च 2020 रोजी इंदूर विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो अर्थ पुसून टाकला. सहा वर्षांच्या त्या काळात सरकारी वकिलाने खात्याला काय सल्ला द्यायचा? पैसे कोर्टात भरा म्हणायचं, की अपील करा म्हणायचं? एकाच इमारतीतल्या दोन कोर्टांत एकाच राज्याचे दोन वकील परस्परविरोधी भूमिका घेत उभे, असं चित्र टाळणं हे प्रमुखाचं काम. त्यासाठी निकाल आल्याच्या आठवड्यात सगळ्या पॅनलला एका खोलीत बसवून ‘आजपासून आपण हे म्हणायचं’ असं ठरवावं लागतं. हे काम बातमीत येत नाही. पण ते झालं नाही, की तात्यापाऱ्यासारख्या वस्तीतल्या एखाद्या दुकानदाराचा मोबदला आणि एखाद्या रस्त्याचं भवितव्य दोन्ही लटकतात.

म्हणून एक मागणी, छत्तीसगढ सरकारकडे आणि महाराष्ट्र सरकारकडेही. दरवर्षी विधानसभेच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात महाधिवक्ता कार्यालयाचा एक पानभर तक्ता ठेवा: किती प्रकरणांत उत्तर मुदतीत दाखल झालं, किती अपिलं उशिरामुळे फेटाळली गेली, आणि किती प्रकरणांत कार्यालयाने ‘अपील करू नका’ असा सल्ला दिला व खात्याने तो मानला. कोणाही व्यक्तीचं नाव किंवा अभिप्रायाचा मजकूर देण्याची गरज नाही. कलम 177 ने महाधिवक्त्याला सभागृहात बोलण्याचा हक्क दिलाच आहे. हा तक्ता त्यानेच उभं राहून वाचावा.