संत्र्याच्या कांडीत कडुनिंबाचं गोत्र

एप्रिल उजाडला की दिल्लीत घरोघरी कपाटातले कुल्फीचे साचे बाहेर निघतात. करोल बागेत अजमल खान रोडवर ‘रोशन दी कुल्फी’ हाकेच्या अंतरावर असली, तरी पोरांना घरच्या रसाची गारेगार कांडी हवीच असते. मृग बहाराची नागपुरी संत्री या सुमाराला बाजारात असतात, शीतगृहातला किन्नूही मिळतो. रस काढताना घोटभर चाखून पाहावा तर छान गोड लागतो. तोच रस रात्रभर गोठवून दुसऱ्या दुपारी कांडी तोंडात धरली, की आधी आंबट-गोड चव येते आणि पाठोपाठ घशाशी कडू. मग बोलणी खातो फळवाला.

फळवाल्याचा यात काडीचा दोष नाही. कडूपणा फळात नव्हताच, तो रस काढल्यावर तयार झाला.

संत्र्याच्या बिया, फोडींवरचा पापुद्रा आणि सालीच्या आतला पांढरा थर यांत एक चव नसलेलं संयुग असतं. त्याच्या रेणूतलं अणूंचं एक कडं उघडं असतं. फळ अख्खं असेपर्यंत हे संयुग पेशीतल्या आम्लापासून दूर राहतं. फळ पिळलं की पेशी फुटतात, आम्ल त्याच्यापर्यंत पोहोचतं आणि दाराची कडी घालावी तसं ते उघडं कडं मिटतं. कडी पडली की त्याच रेणूचं लिमोनिन होतं, आणि लिमोनिन विलक्षण कडू. दहा लाख भाग रसात सहा भाग लिमोनिन असलं तरी बहुतेकांच्या जिभेला ते कळतं. कडी पडायला काही तास लागतात, म्हणून ताजा रस गोड लागतो आणि रात्रभर राहिलेला कडू. रस तापवला तर हे काम आणखी झपाट्याने होतं. रस विकणाऱ्या कारखान्यांना या उशिरा येणाऱ्या कडूपणाने फार छळलं आहे. त्यावर उपाय म्हणून रस विशिष्ट रेझिनच्या मण्यांमधून सोडतात आणि लिमोनिन त्यांत शोषून घेतात. पपनस आणि ग्रेपफ्रूट यांचा पहिल्या घोटालाच जाणवणारा कडूपणा मात्र नरिंजिन या निराळ्या संयुगाचा. किन्नूमध्ये दोन्ही असतात, शिवाय बियाही भरपूर, म्हणून किन्नू मिक्सरमध्ये फिरवणं सगळ्यात वाईट.

लिमोनिन लिंबूवर्गीय फळांच्या बियांमधून पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं ते १८४१मध्ये. त्याची नेमकी रचना उलगडायला १९६० साल उजाडलं. या रचनेवरून रसायनशास्त्रज्ञांनी संयुगांचं एक अख्खं कुळ ओळखलं, त्याला लिमोनॉइड म्हणतात. आणि या कुळाची दुसरी मोठी शाखा नांदते ती कडुनिंबात. पाडव्याला गुळासोबत चावून खाल्लेला कोवळा पाला आणि त्याच आठवड्यात गोठवलेली संत्र्याची कांडी, दोन्हींतला कडूपणा सख्ख्या चुलतभावांचा आहे! वनस्पतींच्या वर्गीकरणातही संत्रं आणि कडुनिंब एकाच गणात, शेजारशेजारच्या कुळांत बसतात. बेल, कवठ आणि कढीपत्ता तर थेट संत्र्याच्याच कुळातले.

कडुनिंबाच्या तेलातली कडू द्रव्यं शुद्ध स्वरूपात पहिल्यांदा वेगळी काढणारा माणूस एके काळी याच करोल बागेत काम करत होता. त्याचं नाव सलीमुज्जमाँ सिद्दिकी. दिल्लीकर सोडाच, रसायनशास्त्र शिकलेल्या किती जणांना हे नाव ठाऊक असेल?

करोल बागेतलं आयुर्वेदिक आणि युनानी तिब्बिया कॉलेज हकीम अजमल खान यांनी उभारलं. १९१६मध्ये व्हाइसरॉय हार्डिंग यांनी त्याची कोनशिला बसवली आणि १३ फेब्रुवारी १९२१ रोजी गांधीजींनी उद्घाटन केलं. परंपरेने चालत आलेली औषधं आधुनिक प्रयोगशाळेत तपासून घ्यावीत, हा हकीमसाहेबांचा आग्रह होता. त्यांच्या काळात असं म्हणायला धारिष्ट लागत होतं. या कामासाठी त्यांनी हेरला तो बाराबंकी जिल्ह्यातला, १८९७चा जन्म असलेला एक तरुण. सिद्दिकी अलीगढला शिकले, लंडनला गेले, तिथून फ्रँकफुर्टला जाऊन १९२७मध्ये रसायनशास्त्रातली डॉक्टरेट मिळवली. चित्रकलेवर त्यांचं इतकं प्रेम होतं की जर्मनीत त्यांनी स्वतःच्या चित्रांचं प्रदर्शनही भरवलं. ते परतले आणि हकीमसाहेब त्याच वर्षअखेरीस गेले. तरी ठरलेलं काम थांबलं नाही.

वैद्य-हकीम पिढ्यान्‌पिढ्या वापरत असलेल्या सर्पगंधेच्या मुळ्या घेऊन सिद्दिकींनी त्यांतली अल्कलॉइडं एकेक करून वेगळी काढली. १९३१मध्ये हाती आलेल्या एका स्फटिकरूप द्रव्याला त्यांनी आपल्या आश्रयदात्याचं नाव दिलं: अजमलीन. आज जगभरचे हृदयरोगतज्ज्ञ ब्रुगाडा सिंड्रोम नावाचा, हृदयाचे ठोके अचानक बिघडवणारा विकार ओळखण्यासाठी अजमलीनची चाचणी करतात. करोल बागेतल्या हकिमाचं नाव अशा रीतीने युरोपातल्या रुग्णालयांत रोज घेतलं जातं. याच सर्पगंधेचा रक्तदाबावरचा परिणाम मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९मध्ये जगापुढे मांडला, आणि ते काम पुष्कळ गाजलं. आधीची पायरी बांधणारे सिद्दिकी मात्र मागे पडले.

१९४०मध्ये ते वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन मंडळात गेले. दोन वर्षांनी, १९४२मध्ये, त्यांनी कडुनिंबाच्या तेलातून तीन कडू द्रव्यं वेगळी केल्याचं जाहीर केलं: निंबिन, निंबिनिन आणि निंबिडिन. कडुनिंब औषधी आहे हे घराघरांत ठाऊक होतं, पण त्याचा कडूपणा म्हणजे नेमकं काय, हे प्रयोगशाळेच्या भाषेत सांगण्याची सुरुवात इथून झाली. कीडनाशकांपासून दंतमंजनांपर्यंत ‘नीम’चा जो व्यापार आज चालतो, त्याचं शास्त्रीय मूळ शोधत गेलं की या कामाशी पोहोचावं लागतं. १९५१मध्ये सिद्दिकी पाकिस्तानात गेले. तिथल्या विज्ञान परिषदेची घडी त्यांनी बसवली, १९६१मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले आणि १९९४मध्ये कराचीत वारले. सीमा ओलांडली म्हणून आपण त्यांची दिल्लीतली वर्षंही विसरून गेलो. हा अन्याय आहे आणि तो दूर करणं सहज शक्य आहे. तिब्बिया कॉलेज आजही तिथेच आहे, शाळांच्या विज्ञान सहली तिथे जायला काय हरकत आहे?

लिमोनॉइडांबद्दल अलीकडे दुसऱ्या टोकाचं बोललं जातं. संत्रं सालीबियांसकट वाटून प्या, त्यातल्या कडू द्रव्याने कर्करोग पळतो, असे संदेश मोबाइलवर फिरत असतात. प्रयोगशाळेतल्या पेशींवर आणि उंदरांवर लिमोनॉइडांचे काही चांगले परिणाम दिसले, इतकंच यात खरं. तेवढ्यावरून माणसाच्या आजाराबद्दल असा दावा करणं बेजबाबदारपणाचं आहे, आणि तो ऐकून मुलांच्या कांड्या कडूजहर करणं तर अजिबात नको.

आता कांडीकडे. फळ पूर्ण पिकलेलं घ्यावं. फळ पिकत जातं तसं त्या कडी न पडलेल्या संयुगाचा मोठा भाग साखरेला जोडला जाऊन बेचव आणि निरुपद्रवी होऊन बसतो. संत्री आडवी कापून हाताच्या यंत्रावर हलकेच पिळावीत, बिया रगडू नयेत, पांढरा थर खरवडू नये आणि रस तिथल्या तिथे गाळावा. अर्धा लिटर रसाला साधारण ६५ ग्रॅम साखर पुरते. ती थोड्याशा पाण्यात वेगळी विरघळवून, गार करून मगच रसात मिसळावी, रस मात्र चुलीवर चढवू नये. एका लिंबाचा रस घालावा. चिमूटभर पादेलोणही घालावं. दिल्लीचा रसवाला मोसंबीच्या पेल्यात ते टाकतो, त्यात शास्त्र आहे: मिठातलं सोडियम जिभेवरचा कडूपणा दाबतं, आणि कडूपणा दबला की गोडी वर येते. साखर एरवीपेक्षा जास्त वाटेल, पण गार जिभेला गोड कमी लागतं, म्हणून गोठवण्याआधी अंमळ गोडमिट्ट वाटणारा रस गोठल्यावर बेताचा होतो.

हे मिश्रण शून्याला गोठत नाही, उणे दोनच्या आसपास गोठू लागतं. साच्याच्या कडेला आधी बर्फाचे स्फटिक धरतात. स्फटिकाच्या रचनेत पाण्याशिवाय कोणालाच जागा नसते, त्यामुळे साखर, आम्ल, रंग आणि लिमोनिन सगळेच आत, काडीकडे ढकलले जातात. उणे अठराच्या घरगुती फ्रीजरमध्येही कांडीचा पाव हिश्श्याहून थोडा जास्त भाग गोठलेला नसतो. दाट पाकाच्या रूपाने तो स्फटिकांच्या फटींत असतो. कांडी चोखली की हाच पाक निघून येतो आणि हातात पांढराफटक बर्फ उरतो, ही लहान मुलांची जुनी तक्रार.

यावर इलाज एकच, भराभर गोठवणं. तसं केलं की स्फटिक बारीक राहतात, पाक जागच्या जागी अडकतो आणि लिमोनिनची कडी पडायला वेळही मिळत नाही. इथे कुल्फीवाल्याचा मटका कामाला येतो. तीन भाग बर्फाच्या चुऱ्यात एक भाग जाडं मीठ मिसळलं तर तापमान उणे एकवीसपर्यंत उतरू शकतं, आणि बर्फाचं खारं पाणी साच्याला चहूबाजूंनी भिडत असल्यामुळे फ्रीजरमधल्या हवेपेक्षा कितीतरी वेगाने उष्णता ओढून घेतं. साचे प्लॅस्टिकचे न घेता ॲल्युमिनियमचे किंवा पातळ पत्र्याचे घ्यावेत, झाकणं घट्ट बसवावीत म्हणजे मीठ आत शिरणार नाही. मिश्रण कडेने धरू लागलं की एकदा ढवळून काडी रोवावी, आणि पुरतं घट्ट झाल्यावरच साचे फ्रीजरमध्ये हलवावेत.