वळिवडें येथील निर्वासित स्त्रियांचा संसार

कोल्हापुराजवळील वळिवडें येथें दुसऱ्या महायुद्धांत पोलिश निर्वासितांची छावणी होती, हें पुष्कळांस ठाऊक आहे; ती मुख्यत्वें बायकामुलांची होती, इकडे मात्र लक्ष थोडें जातें. इ. स. १९४०-४१ मध्यें सोव्हिएट सत्तेनें पूर्व पोलंडांतून सायबेरियादि प्रांतीं हद्दपार केलेलीं हीं कुटुंबें पुढें इराणमार्गें हिंदुस्थानांत आलीं. १९४३ ते १९४८ पर्यंत येथें सुमारें ५,००० माणसें राहिलीं. कर्ते पुरुष बहुधा सैन्यांत गेलेले किंवा मृत. त्यामुळें घराचा, शाळेचा व दवाखान्याचा भार बऱ्याच अंशीं स्त्रियांवर पडला. लंडन येथील पोलिश सरकारचा पैसा हा त्यांचा एक आधार. परस्परांची सोबत हा दुसरा. आणि छावणींत माल विकतां विकतां पोलिश शब्द शिकलेले स्थानिक दुकानदार हा तिसरा.

पुढें त्याच चाळींत सिंधमधून आलेलीं निर्वासित कुटुंबें वसलीं. आजचें गांधीनगर तें हेंच. एकाच छपराखालीं दोन देशांच्या स्त्रियांनीं नव्यानें चूल मांडली.

सरकारी दप्तरांतून माणसांची संख्या व खर्च कळेल. स्त्रियांचा दिनक्रम कळावयाचा तो उधारीच्या वह्या, शाळेचीं पुस्तकें व घरगुती पत्रें यांवरूनच. तीं रद्दींत जाण्यापूर्वीं संग्राहकांनीं त्यांचा शोध घ्यावा, अशी विनंती आहे.