चित्रकथेतील शूरवीर आणि त्यांचा लेखक

वैनगंगेच्या काठी राहणाऱ्या आम्हा बालाघाटकरांना एका गोष्टीचा थोडासा अभिमान वाटतो. १८९४ साली रुड्यार्ड किपलिंगने ‘जंगल बुक’ प्रसिद्ध केले, तेव्हा मोगलीला त्याने आमच्या शेजारच्या सिवनीच्या डोंगरांत वाढविले आणि त्याला पाणी पाजले ते वैनगंगेचे. पुढे हे पुस्तक समुद्रापलीकडे गेले आणि अमेरिकेतील सेंट लुईस ह्या शहरात वाढलेल्या ली फॉक नावाच्या मुलाच्या मनात घर करून बसले. ह्या ली फॉकने १९३४ साली जादूगार मँड्रेक आणि १७ फेब्रुवारी १९३६ पासून ‘फँटम’ ही चित्रमालिका वृत्तपत्रांतून सुरू केली. सुपरमॅन अवतरला तो त्यानंतर दोन वर्षांनी. घट्ट पोशाख, तोंडावर मुखवटा आणि अन्यायाचे निवारण करण्याची पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली शपथ, असा हा फँटमचा थाट होता. मोगलीचे आणि टारझनचे ऋण फॉकने स्वतः मान्य केले आहे. १९६४ साली मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’ने इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले आणि हा अरण्यवासी वीर ‘वेताळ’ हे आपले नाव धारण करून मराठी मुलांच्या हाती आला. वैनगंगेकाठून निघालेले बीज असे सत्तर वर्षांनी, निराळ्या वेषात, पुन्हा वैनगंगेकाठी परतले. गोंदियाहून बालाघाटला येणाऱ्या छोट्या रुळांच्या गाडीत मांडीवर वेताळाचा अंक ठेवून केलेला प्रवास आमच्या पिढीतील पुष्कळांना आठवत असेल.

वेताळाचे नाव मुलांना ठाऊक असते; त्याला बोलावयास लावणाऱ्याचे नाव मात्र सहसा कोणी विचारीत नाही. चित्रे काढणाराचे कौतुक तरी होते, पण लेखकाने तेथे काय केले, असाच प्रश्न पुष्कळांना पडतो. आज ह्या पडद्याआडच्या लेखकाविषयी थोडे सांगावयाचे आहे. आणि त्यासाठी परक्या देशात जाण्याचे कारण नाही. असा एक लेखक मुंबईतच होऊन गेला. त्याचे नाव अनंत पै.

अनंत पै ह्यांचा जन्म १७ सप्टेंबर १९२९ रोजी कर्नाटकातील कार्कळ येथे झाला. दोन वर्षांचे असतानाच त्यांचे आईवडील वारले. बाराव्या वर्षी ते मुंबईस आले आणि माहीमच्या ओरिएंट शाळेत शिकले. पुढे मुंबई विद्यापीठात त्यांनी रसायनशास्त्र आणि रासायनिक तंत्रज्ञान ह्यांचे शिक्षण घेतले. कारखान्यात मानाची नोकरी करावी असाच हा मार्ग होता. परंतु मनाचा ओढा छापखान्याकडे. १९५४ साली त्यांनी ‘मानव’ नावाचे मुलांचे मासिक काढले. ते चालले नाही. मग ते ‘टाइम्स’च्या पुस्तक विभागात नोकरीस राहिले आणि इंद्रजाल कॉमिक्स निघाले तेव्हा त्या कामाशी त्यांचा जवळून संबंध आला. परदेशी वीराला येथील वाचकांसाठी थोडे बदलून घ्यावे लागते, हा धडा तेथेच मिळण्यासारखा होता. मूळ मालिकेतील ‘बंगाला’ हा देश इंद्रजालमध्ये ‘डेंकाली’ झाला, तो उगाच नव्हे. वाचकाला आपल्या बंगालची आठवण होऊन घोटाळा होऊ नये, ही काळजी त्यात होती.

१९६७ सालच्या फेब्रुवारीत पै दिल्लीस होते. तेथे दूरचित्रवाणीवर शाळकरी मुलांची एक प्रश्नमंजुषा त्यांनी पाहिली. ग्रीक देवतांविषयीच्या प्रश्नाचे उत्तर मुलांनी चटकन दिले. पण रामाच्या आईचे नाव काय, ह्या प्रश्नावर सारी गप्प बसली. ही गोष्ट पैंच्या मनाला लागली. त्यांनी नोकरी सोडली आणि इंडिया बुक हाऊसचे मीरचंदानी ह्यांच्या साह्याने त्याच साली ‘अमर चित्रकथा’ हा उपक्रम हाती घेतला. मालेतील आरंभीची दहा पुस्तके पाश्चात्त्य परीकथांची होती; अकरावे पुस्तक ‘कृष्ण’. त्याची संहिता पैंनी स्वतः लिहिली आणि चित्रे राम वाईरकर ह्यांनी काढली. त्यानंतर माला थांबली नाही. चारशेहून अधिक पुस्तके आणि अनेक भाषा असा तिचा विस्तार झाला. मराठीही त्यांत आली. १९८० साली पैंनी ‘टिंकल’ हे मासिक सुरू केले, आणि देशभरची मुले त्यांना ‘अंकल पै’ म्हणून पत्रे लिहू लागली.

आता ह्या लेखकाचे प्रत्यक्ष काम कसे असते ते पाहू. चित्रकथेचे पुस्तक बहुधा बत्तीस पानांचे. पानावर चार-पाच चौकटी धरल्या, तर सर्व मिळून सुमारे दीडशे चौकटी होतात. सारे रामायण असो की शिवचरित्र, एवढ्या दीडशे खिडक्यांतून ते दाखवावयाचे असते. लेखक प्रथम ग्रंथ वाचतो, मग काय गाळावयाचे ते ठरवितो. ह्या धंद्यातील निम्मे कौशल्य गाळण्यातच आहे. त्यानंतर तो प्रत्येक चौकटीचे वर्णन लिहितो: स्थळ कोणते, वेळ कोणती, कोण उभा आहे, कोणाचे तोंड कोणीकडे, हातात काय, आणि शेवटी, कोण काय बोलतो. हे वर्णन वाचकाच्या दृष्टीस कधीच पडत नाही. ते एकट्या चित्रकारासाठी असते. घराच्या भिंती उभ्या राहिल्या की पहाड काढून टाकतात, तशी त्याची गत.

एक उदाहरण घेऊ. १६७० सालच्या फेब्रुवारीतील ती रात्र. तानाजी मालुसरे कोंढाण्याचा कडा चढत आहे. नवखा लेखक चौकटीच्या माथ्यावर लिहील की, तानाजी दोराला धरून वर चढू लागला. पण हे तर चित्रातच दिसते! मग शब्दांनी काय सांगावे? जे चित्रात दिसत नाही ते: माघ महिन्याची थंडी, वर पहारेकऱ्याची चाहूल, घरी मुलाच्या लग्नाचा मांडव. चित्राने डोळ्यांशी बोलावे आणि शब्दांनी मनाशी, असा हा संसार आहे. शिवाय उत्कंठेची चौकट पानाच्या शेवटी यावयास हवी, म्हणजे मूल पान उलटते. तोफेचा बार पानाच्या मधोमध काढला, तर डोळा आधीच तेथे जाऊन पोहोचतो आणि गोष्टीतील गंमत संपते.

शब्दांवर आणखी एक बंधन आहे ते फुग्याचे. पात्राच्या तोंडून निघालेला हा फुगा मोठा केला तर चित्र झाकते, लहान केला तर अक्षर वाचता येत नाही. अमर चित्रकथेची संहिता बहुधा आधी इंग्रजीत तयार होई. म्हणून मराठी अनुवादकाला तयार फुग्यात आपले वाक्य बसवावे लागे. त्यातून देवनागरीला वर वेलांटी, खाली उकार, म्हणजे ओळीला उंचीही जास्त लागते. लांबलचक समास तेथे टिकत नाहीत. चार शब्दांत बोलावयाचे आणि तरी ते मराठी वाटावयाचे, ही कसोटी सोपी नाही. जेथे अनुवादक तीत उतरला, तेथे मुलांना छोटी, ठसठशीत वाक्ये मिळाली. जेथे उतरला नाही, तेथे राजा आणि द्वारपाल एकाच सरकारी भाषेत बोलू लागले.

चलच्चित्रांसाठी लिहिणाराचे काम ह्याहून थोडे निराळे. चित्रकथेत वाचक आपल्या वेगाने जातो, पडद्यावर वेळ घड्याळाप्रमाणे धावते, आणि आवाजाची जोड मिळते. पण गाळण्याचे आणि मोजून बोलण्याचे शिक्षण तेच. २००८ पासून घरोघरी पोहोचलेला ‘छोटा भीम’ पाहतानाही हे ध्यानात येईल.

हे काम एकट्याचे नव्हे, हेही सांगितले पाहिजे. पैंच्या भोवती लेखकांचा आणि चित्रकारांचा एक मेळावाच जमला होता. कमला चंद्रकांत, सुब्बा राव, लुईस फर्नांडिस अशी नावे त्यांत येतात. ‘टिंकल’मधील कालिया कावळ्याच्या गोष्टी फर्नांडिसांच्या, तर चित्रे प्रदीप साठे ह्यांची. भित्रा असूनही योगायोगाने शूर ठरणारा शिकारी शंभू वसंत हळबे ह्यांच्या कुंचल्यातून उतरला. अमर चित्रकथेसाठी अनेक पुस्तके रंगविणारे पुण्याचे प्रताप मुळीक ह्यांनीच १९८६ साली दिल्लीच्या राज कॉमिक्ससाठी नागराजाचा पहिला अंक चितारला. त्याची कथा परशुराम शर्मा ह्यांची होती. आमच्या जिल्ह्यातील हिंदी शाळांत शिकणारी मराठी मुले नागराज हिंदीत वाचीत असत. त्या हिंदी नागाला मराठी हाताने फणा दिला होता, हे त्यांना ठाऊक नव्हते.

चित्रांनी गोष्ट सांगण्याची रीत आपल्याकडे काही नवी नाही. कुडाळजवळच्या पिंगुळी गावातील ठाकर मंडळी चित्रांची पोथी पुढे धरून रामायण-महाभारत गात आली आहेत. त्यांना चित्रकथी असेच म्हणतात. ख्रिस्ती परंपरेतही सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी ह्यांनी असा विचार मांडला की, अक्षर न येणाऱ्याला मंदिरातील चित्र हेच पुस्तक होय. आणि गोमंतकात फादर स्टीफन्स ह्यांनी काय केले? नव्या ख्रिस्ती झालेल्या लोकांना पुराणे ऐकण्याची गोडी होती, हे जाणून त्यांनी येशूची कथा मराठी ओवीत बांधली, आणि १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ छापून निघाले. त्यांनी परदेशातून आलेली कथा ह्या मातीतल्या साच्यात ओतली. पैंनी उलट, ह्या मातीतल्या कथा परदेशातून आलेल्या साच्यात ओतल्या. श्रोता ज्या भाषेत ऐकावयास तयार आहे त्या भाषेत त्याच्याशी बोलावे, ही दृष्टी मात्र दोघांची एकच.

असे असले तरी ह्या पुस्तकांवर झालेली टीका निराधार नव्हती. राक्षस काळे आणि देव गोरे, असे रंगांचे वाटप त्यांत पुष्कळदा दिसते. रामकथेची शेकडो रूपे असताना एकच रूप खरे, असा मुलांचा समज होतो. स्त्रियांच्या वाट्यास शौर्यापेक्षा त्याग अधिक येतो. माझ्या वर्गात गोंड आणि बैगा मुले बसतात. काळ्या रंगाचा राक्षस पाहून त्यांतील एखाद्याच्या मनात काय येत असेल, हा विचार मला चैन पडू देत नाही. न्यायाने हेही सांगावयास हवे की, ह्याच मालेत बाबासाहेब आंबेडकर आले, येशू ख्रिस्त आले, आणि १५६४ साली मोगल सैन्याशी लढताना देह ठेवणारी आमच्या शेजारच्या गढा-मंडल्याची राणी दुर्गावतीही आली. परंतु दार थोडे उघडले म्हणजे सारे घरात आले, असे होत नाही. पुढच्या लेखकांसाठी बरेच काम उरले आहे.

राहिला पालकांचा नेहमीचा प्रश्न: चित्रांची पुस्तके वाचून मुलांचे खरे वाचन सुटत नाही काय? ह्यावर मी शिक्षकाचा एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी गणिताच्या तासाला बाकाखाली लपवून वाचणाऱ्या एका मुलाचे पुस्तक मी जप्त केले. घरी जाऊन उघडतो तो शिवाजीमहाराजांवरील चित्रकथेची मराठी प्रत. मुलाच्या घरी मराठी बोलत, पण शाळेत हिंदी. मराठी वाचावयास त्याला कोणी शिकविलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी विचारले, तर म्हणाला, “सर, आजी वाचून दाखवायची. आता तिला दिसत नाही, म्हणून मी तिला वाचून दाखवतो.” लिपी तर दोन्ही भाषांची एकच, अडत होते ते ‘ळ’वर आणि थोड्या शब्दांवर, आणि तेथे चित्र त्याच्या मदतीस येत होते. मी पुस्तक परत दिले. गणिताच्या तासाला ते काढावयाचे नाही, एवढीच अट घातली.

त्या दिवसापासून शनिवारच्या शेवटच्या तासाला मी मुलांना कोऱ्या चौकटी आखून देतो. घरी आजीआजोबांकडून ऐकलेली एक गोष्ट सहा चौकटींत मांडावयाची, आणि फुग्यात चार शब्दांपेक्षा अधिक लिहावयाचे नाहीत. कोणी गोंडी गोष्ट आणतो, कोणी भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीतील, कोणी संतांची. पहिल्या दिवशी प्रत्येकाला चौकटी अपुऱ्या पडतात. मग मुले गाळावयास शिकतात, आणि आपल्या गोष्टीत महत्त्वाचे काय होते हे त्यांचे त्यांनाच कळू लागते.

२४ फेब्रुवारी २०११ रोजी अनंत पै मुंबईत निवर्तले. त्याच्या काही दिवस आधीच दिल्लीतील पहिल्या कॉमिक कॉन मेळाव्यात त्यांना जीवनगौरव देण्यात आला होता. ली फॉक तर १९९९ साली मृत्यू येईपर्यंत वेताळाच्या गोष्टी लिहीत होते. इंद्रजाल १९९० सालीच बंद पडले. पण आपल्या घरात एखाद्या जुन्या ट्रंकेत त्याचे अंक असतील, तर ते रद्दीत घालू नका. मुलांच्या हाती द्या. आणि त्यांनी वाचून संपविल्यावर एवढेच विचारा की, ह्यात तुझ्या गावाची गोष्ट कोणती घालता येईल?