सुटकेनंतर कायदा काय देतो?

‘ती स्वतःच्या मर्जीने गेली होती,’ हा आरोपीच्या वकिलाचा हातखंडा युक्तिवाद. भारतीय न्याय संहितेच्या कलम 143 पुढे तो टिकू नये. मानवी तस्करी झाली का, हे ठरवताना पीडिताची संमती गैरलागू आहे. शिक्षा किमान 7 वर्षे सक्तमजुरी. एकाहून अधिक जणांची तस्करी असेल, तर 10 वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत.

पीडित व्यक्तीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट न लावता. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. नुकसानभरपाईचा अर्जही तिथेच करता येतो, आरोपी सापडलेला नसला तरी. हे पोलिस ठाण्यात फारसे कुणी सांगत नाही, म्हणून इथे मुद्दाम.

वेठबिगारीतून सुटलेल्यांसाठी केंद्राची वेगळी पुनर्वसन योजना आहे: प्रौढ पुरुषाला 1 लाख, स्त्रिया व मुलांना 2 लाख, लैंगिक शोषणासारख्या गंभीर प्रकरणांत 3 लाख रुपये.

सुटका झालेल्या स्त्रियांना जिथे ठेवले जाते, त्या सुधारगृहाचे मात्र दुखणे जुनेच. सप्टेंबर 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तीन तरुणींना मुक्त करताना बजावले, की सज्ञान स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध तिथे डांबता येत नाही.

तातडीची मदत: 112. मुलांसाठी 1098, महिलांसाठी 181.