हेलिकॉप्टरचा नाद

रिमोटचे हेलिकॉप्टर हवेत आपोआप स्थिर राहत नाही. बोटांनी सतत सावरावे लागते. कधी जमते, कधी आदळते. हे ‘कधी कधी जमणे’च मेंदूला ओढ लावते. काही मिनिटांत बॅटरी संपते, पाते मोडते, ‘आणखी एकदाच’ सुरू होते. मोबाइलच्या गेमचेही तेच. छंदाला आम्ही आजार म्हणत नाही. मात्र ताबा सुटणे, कामे मागे पडणे, नुकसान दिसूनही न थांबणे हे साधारण वर्षभर चालले, तर गेमच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटना त्याला आजार मानते. किराण्याचे पैसे पात्यांवर जाऊ लागले तर पोराला मारू नका. मारल्याने नाद लपतो, सुटत नाही. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा फोनही मोफत आहे.