शिक्षक समोर नसताना

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा-महाविद्यालये बंद झाली, आणि फळा व खडू यांवाचून ज्यांनी एकही पाठ दिला नव्हता अशा असंख्य शिक्षकांना घाईघाईने ऑनलाइन पाठ तयार करावे लागले. साथ ओसरली, पाठ मात्र राहिले. टिपणे, चित्रफिती, प्रश्नसंच आता विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर जात असतात. तेव्हा हे साहित्य कसे रचावे, याचा विचार शिक्षकांनी आणि पालकांनीही करावयास हवा, असे आम्हांस वाटते.

वर्गात मुलाचा चेहरा गोंधळलेला दिसला की शिक्षक थांबतो, दुसरे उदाहरण देतो. ऑनलाइन पाठाला तो चेहरा दिसत नाही. म्हणून मूल कोठे अडेल हे आधीच ओळखून तेथे मदत ठेवावयाची, हेच या तयारीचे मर्म होय.

अपूर्णांकांच्या बेरजेचा पाठ घेऊ. 'भिन्न छेदांच्या दोन अपूर्णांकांची बेरीज करता यावी,' हा हेतू प्रथम एका वाक्यात लिहावा आणि त्याच्या कामी न येणारे सारे गाळावे. मग समान छेद, सममूल्य अपूर्णांक, भिन्न छेद असे तुकडे पाडून प्रत्येकाची लहान चित्रफीत करावी. एडएक्स या संस्थळावरील चार अभ्यासक्रमांच्या चित्रफिती सुमारे ६९ लाख वेळा पाहिल्या गेल्या, त्या नोंदींचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा मिनिटांहून लांब फितींत प्रेक्षक टिकत नाहीत, असे त्यात आढळले.

प्रत्येक तुकड्यानंतर एक प्रश्न असावा. १/२ आणि १/३ यांची बेरीज २/५ असे उत्तर पुष्कळ मुले देतात. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवितात. तेथे नुसते 'चूक' म्हणून भागत नाही. 'अर्ध्या भाकरीत आणखी तुकडा घातला, तर ती अर्ध्याहून कमी कशी होईल?' एवढे विचारले की मूल स्वतःच थबकते, आणि ५/६ कडे जाणारी वाट त्याला दाखविता येते.

आता मांडणी. 'नवीन', 'अंतिम', 'अंतिम पुन्हा' अशी नावे दिलेल्या फायलींत विद्यार्थी हरवून जातो. नावाच्या आरंभी ०१, ०२ असे आकडे घालावेत. नुसते १, २ घातल्यास काही ठिकाणी १० हा २ च्या आधी येऊन बसतो. कोणत्या दिवशी काय पाहावे, काय सोडवावे, हे एका पानावर सर्वांत वर लिहावे.

मजकूर युनिकोड देवनागरीत टंकावा. जुन्या फाँटांतील मराठी दुसऱ्याच्या यंत्रावर निरर्थक चिन्हे होऊन उमटते. वहीच्या पानांची छायाचित्रे शक्यतो टाळावीत. ती डेटा अधिक खातात, आणि अंध विद्यार्थ्याचे वाचनयंत्र त्यांतील अक्षरे बहुधा वाचू शकत नाही. साहित्य पाठविण्यापूर्वी ते साध्यातल्या साध्या मोबाइलवर उघडून पाहावे.

ज्या घरी एकच मोबाइल आहे, तेथे वडील कामावरून परतल्यावर दोघा भावंडांना तो मिळतो. त्या अर्ध्या तासातील वीस मिनिटे फाइल शोधण्यात गेली, तर त्या मुलांचा तो दिवस शिक्षणावाचून गेला. शिक्षकाने घरी तासभर नीट रचना केली, तर तो वाचतो.