इंज्युरी आणि वूंड : इजा, जखम व मुका मार

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यातील कारखान्यांत नोकरी करीत आपल्यापैकी अनेकजण हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहेत. तेथे अपघात सांगितला जातो मराठीत आणि रजिस्टरमध्ये लिहिला जातो बहुधा इंग्रजीत. भाषांतराचा हा प्रसंग किती गंभीर असतो, हे आमच्या एका विद्यार्थ्यामुळे मला कळले. प्रेस मशीनवर त्याच्या सहकाऱ्याचा डावा हात दाबला गेला. रक्त आले नाही. ‘जखम नाही’ असे पर्यवेक्षक म्हणाले आणि या विद्यार्थ्याने प्रामाणिकपणे लिहिले, ‘नो इंज्युरी’. संध्याकाळी क्ष-किरण तपासणीत हाताची दोन हाडे मोडल्याचे दिसले. पुढे कित्येक महिने त्या सहकाऱ्याला ती एक ओळ खोडून काढण्यासाठी हेलपाटे घालावे लागले.

मूळ मराठी वाक्य खोटे नव्हते. ‘नो वूंड’ असे लिहिले असते तर इंग्रजी वाक्यही खरे ठरले असते. सर्वसामान्य वापरात ‘वूंड’ म्हणजे कापल्याने, भोसकल्याने वा फाटल्याने त्वचा उघडी पडणे, आपली ‘जखम’. (वैद्यकशास्त्रात ‘बंद वूंड’ अशीही संज्ञा आहे, तिचा विचार येथे केलेला नाही.) ‘इंज्युरी’ची व्याप्ती मोठी आहे. मोडलेले हाड, मुरगळलेला पाय, मुका मार हे सारे तीत येते. ‘मुका मार’ हा आपला शब्द तर किती नेमका आहे पाहा : मार आहे, पण त्वचेवर त्याची वाच्यता नाही.

‘इजा’ आणि ‘इंज्युरी’ यांच्या ध्वनिसाम्यामुळे एक इंग्रजीतून आला असावा, असे काहींना वाटते. तसे नाही. ‘इजा’ अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला, ‘जखम’ही फारसीच. ‘इंज्युरी’चे मूळ लॅटिन असून तेथे त्याचा अर्थ अन्याय, हक्काचा भंग असा होता. ती छटा कायद्यात टिकून आहे. 2024 पर्यंत लागू असलेल्या 1860 च्या भारतीय दंड संहितेतील कलम 44 नुसार शरीर, मन, लौकिक किंवा मालमत्ता यांना बेकायदेशीरपणे पोहोचवलेली कोणतीही हानी म्हणजे ‘इंज्युरी’ होती. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतही ‘इंज्युरी’चीच यादी होती : अंगठा गेल्यास कमाईची क्षमता 30 टक्के, संपूर्ण तर्जनी गेल्यास 14 टक्के घटली असे मानले जात असे. वूंड भरून आली तरी ही टक्केवारी उरत असे.

उलट दिशेनेही चूक होते. ‘स्फोटात चार कामगार जखमी’ या मथळ्यात ‘जखमी’ हे विशेषण ‘जखम’ या नामापेक्षा सैल आहे. केवळ हाड मोडलेला माणूसही त्यात मोजला जातो. इंग्रजीत मात्र अपघातातील माणूस ‘इंज्युर्ड’ असतो. ‘वूंडेड’ हा शब्द प्रामुख्याने शस्त्राने, लढाईत वा हल्ल्यात घायाळ झालेल्यांसाठी आहे. चाकणच्या अपघाताची बातमी ‘वूंडेड’ वापरून लिहिली, तर परगावचा वाचक तेथे हल्ला झाला असे समजेल.

स्वाध्याय म्हणून ‘पट्टा तुटून पायाला मुका मार लागला, जखम नाही’ ही नोंद इंग्रजीत करा आणि ‘नाही’ कोणत्या नामाला जोडले आहे ते पुन्हा वाचून पाहा.